बिलाची जमेची बाजू

प्रति,
माननीय महापौर, माननीय आयुक्त, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, स्वच्छता व करवसुली विभाग,
नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका आणि लातूर शहर महानगरपालिका.

विषय : घरपट्टी-नळपट्टीच्या बिलात मजकूर असावा, याबाबत.



मे २०१६ मध्ये लातूरला एक बिल आले होते, ते तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. मिरजेहून रेल्वेने आणून दिलेल्या ६ कोटी २० लाख लिटर पाण्यापोटी सुमारे ४ कोटी रुपये. केवढा गहजब झाला तेव्हा! दुष्काळात होरपळणाऱ्या गावाला बिल पाठवता, काही वाटते की नाही, असा सगळा सूर. रेल्वेने खुलासा केला की बिल जिल्हा प्रशासनानेच मागितले म्हणून पाठवले. भरायचे की बिलमाफी मागायची ते प्रशासनाने ठरवावे.

मी तेव्हा बँकेत काउंटरवर बसत होते. सगळे चिडले होते आणि मी मात्र पेपरच्या कोपऱ्यावर पेनने भागाकार करत होते. लिटरला साडेचौसष्ट पैसे. म्हणजे हजार लिटरला ६४५ रुपये. पाणी कुठले, कृष्णेचे. उचलले कुठून, मिरजेतून. उतरवले कुठे, लातूरला. किती, इतके लिटर. किती रुपये, इतके. लातूर शहराच्या पाण्याचा एवढा स्वच्छ हिशेब त्याआधी मी कधी पाहिला नव्हता आणि खरे सांगते, त्यानंतरही पाहिलेला नाही.

ओळख सांगायची राहिली. माझा जन्म लातूरचा, सासर नांदेडचे. नोकरी बँकेत झाली, आता निवृत्त आहे. लातूरला आईचे जुने घर आहे, नांदेडला आमचे. दोन्ही घरांची पट्टी भरायचे काम आपोआप माझ्याकडे आले, कारण घरात बँकेत असलेले माणूस म्हणजे बिल भरणारे माणूस, असा समज असतो. नळाला किती दिवसांनी पाणी येते आणि घंटागाडी कधी चुकते, ते रडगाणे इथे गाणार नाही. ते तुम्हालाही पाठ आहे. माझी मागणी वेगळी आहे आणि तशी किरकोळ आहे. बिल नीट लिहा.

बँकेच्या पासबुकात दोन रकाने असतात, नावे आणि जमा. शाळा न शिकलेली म्हातारीसुद्धा काउंटरवर पासबुक पुढे करून विचारते, "बाई, जमेला काय पडलं?" तुमच्या बिलाला एकच बाजू आहे, ती नावेची. आमच्या नावे किती निघाले, मागची थकबाकी किती, शास्ती किती, एकूण किती. जमेची बाजू कोरी. वर्षभरात या नळाला किती दिवस पाणी दिले, किती दिले, ते कुठून आणले, घरातून गेलेले सांडपाणी कुठे नेऊन टाकले, कचऱ्याचे काय केले, यातले एक अक्षर नाही. महापालिका नागरिकाला वर्षातून एकदाच पत्र लिहिते. ते हे बिल. आणि त्या पत्रात फक्त पैसे मागितलेले असतात.

नावेची बाजू तरी समजते का? माझ्यासारखीला, जिचा जन्म खतावण्यांत गेला, तिला दोन वेळा वाचावे लागते. 'करयोग्य मूल्य' हा शब्द घ्या. घर भाड्याने दिले असते तर वर्षाला काय भाडे आले असते, त्याचा अंदाज धरायचा, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरले ते करयोग्य मूल्य, त्यावर कर. एवढे एक वाक्य बिलाच्या मागे छापले तर काय बिघडेल? मागची बाजू कोरीच असते, नाहीतर तिथे स्वच्छतेची घोषणा असते.

मग करांची उतरंड. सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर, दुकान असेल तर रोजगार हमी कर. यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर १९६२ च्या कायद्याने राज्य सरकारचे आहेत. महापालिका ते गोळा करून पुढे पाठवते. म्हणजे तुम्ही त्या पैशांचे पोस्टमन. पण लोक शिव्या तुम्हालाच देतात, कारण बिलात ते तुमच्याच करांच्या पंगतीत बसवलेले असतात. ते वेगळे छापायचे, स्वतःच्या बदनामीवरचा इतका साधा उपायही तुम्ही करत नाही, याचे मला नवल वाटते.

पाण्याच्या बाबतीत तर गोंधळ आणखी. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात पाण्याशी जोडलेले दोन वेगळे कर आहेत, आणि तसेच दोन मलप्रवाहाचे. पाणीपुरवठा कर वेगळा आणि पाणीपुरवठा लाभ कर वेगळा. लाभ कर मालमत्तेवर बसतो. वस्तीत जलवाहिनी आली, जागेची किंमत वाढली, म्हणून. आणि नळपट्टी ही पुन्हा निराळीच, नळजोडणीची. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला बिल दाखवून विचारले होते, "ताई, माझ्या घरी नळच नाही, बोअरवर भागवायलेय, मग हे पाणीलाभ कशाचं घ्यायलेत?" मी समजावून सांगितले. त्यांना पटले नाही, पण निदान कळले. हे काम वसुली लिपिकाचे होते. तो बिचारा मार्चएंडला दारोदार फिरत असतो. त्यालाही कोणी कधी समजावले नसावे.

शेजारच्या घरातून मात्र मला वेगळाच प्रश्न आला, आणि तो अख्ख्या मराठवाड्याचा आहे. "पाणी यायलंच नाही तर पट्टी कशाची भरावं?"

या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे, पण तुम्ही ते देत नाही. म्हणून मी देऊन पाहते. लातूरचे पाणी बीड जिल्ह्यातून येते. केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून. तिथे ते पंपांनी उपसायचे, मैलोगणती जलवाहिनीतून हरंगुळच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणायचे, तुरटी घालून गाळ बसवायचा, गाळायचे, क्लोरीन द्यायचा, उंच टाक्यांत चढवायचे, आणि मग तो व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, ज्याची वाट अख्खी गल्ली नवरदेवासारखी बघते, त्याने किल्ली फिरवली की आपला नळ वाजतो. धरणातल्या पाण्याचे पैसे जलसंपदा विभागाला द्यायचे असतात; त्याचे दर २००५ च्या कायद्याने स्थापलेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. पंपांची वीज महावितरणची. तुरटी-क्लोरीन विकत. माणसांचे पगार. आणि यातली बहुतेक रक्कम अशी की पाणी आठ दिवसांनी सोडले म्हणून ती आठ पटींनी कमी होत नाही. पंप बसवलेला असतो, वाहिनी पुरलेली असते, माणूस कामावर असतो. शेजारणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "असं होय? मग लिहावं की तसं." बघा, मागणी माझी एकटीची नाही.

नांदेडची गोष्ट त्या मानाने सोपी असायला हवी. गोदाकाठचे गाव. असर्जनजवळ विष्णुपुरीचा प्रकल्प, शंकरराव चव्हाणांचे नाव दिलेला जलाशय, उशाशीच. पण नदीकाठी राहणाऱ्याला पाण्याचा हिशेब ठेवायची सवय नसते, हा नांदेडचा मोठा दोष. विष्णुपुरीचे पाणी शेतीलाही लागते, उन्हाळ्यात तळ दिसू लागला की वर परभणी जिल्ह्यातल्या दिग्रस बंधाऱ्याकडे आणि पलीकडे इसापूरकडे डोळे लागतात. तिथले पाणी नांदेडसाठी सोडले की तिकडची माणसे रागावतात, आणि त्यांचा राग चुकीचा नसतो. सिडकोतल्या किंवा वजिराबादेतल्या माणसाला आपल्या बादलीत कोणाच्या वाट्याचे पाणी आहे हे माहीतच नाही. बिलात एक ओळ असती तर माहीत झाले असते.

लातूरला २०१६ ने फार शिकवले असे सगळे म्हणतात. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या, विहिरी, टँकर भरायच्या जागा, यांच्याभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. पाण्यासाठी! १२ एप्रिलच्या पहाटे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी आली, तेव्हा स्टेशनवर लोक हार घेऊन उभे होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, पंचवीस लाख लिटरची. 'जलदूत' नाव तिचे. लातूर पॅटर्नच्या नावाने गावोगावहून शिकायला आलेली पोरे वसतिगृहे सोडून घरी गेली. त्या पावसाळ्याच्या शेवटी धरण भरले, आणि आम्ही विसरलो. २०१९ ला गणपती बुडवायला पाणी नव्हते, मूर्ती दान कराव्या लागल्या, तेही विसरलो. टंचाई आम्हाला तोंडपाठ आहे. किंमत अजून कळलेली नाही, कारण ती कुणी लिहून दिलेली नाही.

आता मी जरा कागदावर आकडेमोड करते, माझी जुनी खोड. मलवाहिन्या असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे केंद्राचे मानक आहे. पाच माणसांचे घर, दिवसाला ६७५ लिटर. वर्षाला जवळजवळ अडीच लाख लिटर. रेल्वेच्या दराने याचे दीड लाखाच्या वर रुपये होतात. आणि गल्लीत येणारा वीस लिटरचा जार वीस रुपयांना धरला, तर हजार लिटरला हजार रुपये. म्हणजे तो आगगाडीने साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेल्या पाण्यापेक्षाही महाग! जारवाल्याचे पैसे महिना संपायच्या आत चुकते होतात. टँकरवाल्याचे रोख, हातावर. नळपट्टी मात्र दहा-दहा वर्षे थकते. आमच्या लोकांना पैसे द्यायचे नाहीत असे नाही. जार समोर दिसतो, मोजता येतो, आला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत. तुमच्या पाण्याला माप नाही.

माप म्हटले की मीटर आला, आणि मीटर म्हटले की लातूरकर उठून उभा राहतो. त्याला कारण आहे. २००८ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापन दहा वर्षांच्या करारावर खाजगी कंपनीकडे देण्याचा प्रयोग झाला. लोकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. मीही तेव्हा विरोधातच होते, आणि आजही पाणी कंपनीच्या हवाली करावे असे म्हणणार नाही. पण त्या भांडणात मीटर बदनाम झाला तो झालाच. कंपनी आणि मीटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने हे दाखवून दिले. छोटी नगरपंचायत होती ती तेव्हा; सार्वजनिक योजनेतूनच त्यांनी घरोघरी मीटर बसवले आणि चोवीस तास नळ चालवला. दर टप्प्याटप्प्याने वाढता: गरजेपुरते वापराल तर स्वस्त, बाग भिजवाल तर महाग. कोयनेचे पाणी त्यांच्या हाताशी आहे, ते खरे. पण मांजऱ्याच्या काठच्यांनी कोयनेच्या काठच्यांपेक्षा मोजणीत ढिले असावे, हे उफराटे नाही का?

आज अर्धा इंची नळाला वर्षाची ठरावीक रक्कम. ज्याच्या घरी खाली हौद, वर दोन टाक्या आणि नळाला लावलेली मोटार आहे, त्यालाही तेवढीच. आणि वाहिनीच्या टोकाला बसलेल्या, दोन घागरी भरेपर्यंत धार करंगळीएवढी होणाऱ्या बाईलाही तेवढीच. या हिशेबात गरीब श्रीमंताचे पाणी पोसतो. मीटरला विरोध करणारे गरिबांच्या नावाने करतात म्हणून हे मुद्दाम लिहिते. घरोघरी मीटर लगेच जमणार नाहीत, मान्य. निदान प्रत्येक उंच टाकीच्या तोंडाशी मोठा मीटर बसवा आणि त्या टाकीवरच्या वस्तीला सांगा की यंदा तुमच्या टाकीतून एवढे कोटी लिटर सुटले आणि बिले एवढ्या लिटरची झाली. मधले कुठे गेले? गळती, चोरीचे नळ, तोटी नसलेले नळ. केंद्राने २००८ मध्ये सेवांची मानके ठरवली तेव्हा असे हिशेबात न येणारे पाणी २० टक्क्यांवर नसावे असे म्हटले होते. तुमचे किती? तो आकडा बिलावर छापा. छापला की गल्लीतली माणसेच चोरीचा नळ शोधून देतील, आमच्या लोकांना शेजाऱ्याच्या भानगडीत भारी रस असतो.

नांदेडला तर पाण्याच्या खर्चाचा हिशेब जुळवायची अटच घातलेली होती. शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या, म्हणजे २००८ च्या आसपास केंद्राच्या नेहरू पुनरुत्थान अभियानातून शहराला निधी आला. रस्ते झाले, घाट झाले, वाहिन्या झाल्या, शहराचा चेहरा पालटला. ते श्रेय ज्याचे त्याला. पण त्या अभियानाच्या सुधारणांत एक कलम होते: पाण्यासारख्या सेवा चालवण्याचा आणि देखभालीचा सगळा खर्च सात वर्षांत सेवाशुल्कातून निघू लागला पाहिजे. त्या कलमाचे पुढे काय झाले, हे शहराला सांगायला हवे होते. पैसे आले त्याचे फलक लागले. अटींचे फलक कोणी लावत नाही.

शास्तीबद्दल बँकवाली म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के. वर्षाचे २४! आमची बँक घराच्या कर्जाला एवढे व्याज लावती तर लोकांनी काचा फोडल्या असत्या. पण ही शास्ती खरी नसते, हे सगळ्यांना माहीत असते. फेब्रुवारी-मार्च आला की अभय योजना येते, शास्तीत अर्धी सूट, पाऊण सूट, कधी सगळीच. बँकेत आम्ही याला 'वन टाइम सेटलमेंट' म्हणायचो, आणि तिथेही वेळेवर हप्ते भरणारा शिक्षक बाजूला उभा राहून ते बघायचा. त्याच्या तोंडाकडे बघवत नसे. दरवर्षी मिळणारे अभय हे अभय राहत नाही, ती न भरणाऱ्यांची सवलत होते. एप्रिल-मेमध्ये भरणाऱ्याला जी थोडी सूट देता ती वाढवा आणि अभय योजना एकदाची बंद करा. आणि बंद केली हे आधी वर्षभर ओरडून सांगा. शास्तीही माणसाला झेपेल एवढी ठेवा. खरी वसूल होणारी छोटी शास्ती खोट्या मोठ्या शास्तीपेक्षा बरी. आणि हो, मोठे थकबाकीदार कोण, हे दोन्ही शहरांत चहाच्या टपरीवरसुद्धा माहीत आहे. नळ मात्र झोपडीचा तोडला जातो.

आता गटाराकडे वळते. त्याविषयी बोलायला लोक लाजतात, म्हणून बिलातही ते एका ओळीत उरकते. घरात आलेल्या पाण्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर जाते, असा नियोजनाचा ठोकताळा आहे. वरच्या हिशेबातल्या घरातून दिवसाला ५४० लिटर. ते जाते कुठे? नांदेडला काही बोंढारच्या मलशुद्धीकरण केंद्राकडे, आणि नाले जिथे नदीला मिळतात तिथे काय मिळते हे घाटावर उभे राहिले की नाकाला कळते. आपण पाणी शहराच्या वरच्या अंगाने, विष्णुपुरीतून घेतो, म्हणून आपली घाण आपल्याला प्यावी लागत नाही. ती खाली जाते, बाभळीकडे, पुढे तेलंगणात. बाभळी बंधाऱ्याच्या दारांवरून आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलो, २०१३ मध्ये निकाल आला, दारे कधी उघडायची कधी पाडायची याच्या तारखा ठरल्या. पाणी किती, यावर एवढे भांडण. ते पाणी कसे आहे, यावर कोणी बोलले नाही.

लातूरच्या आईच्या घरी अजून सेप्टिक टँक आहे. शहरात असंख्य घरांत आहे. मलप्रवाह हा शब्द ज्या बिलात आहे, त्या बिलाने हेही सांगावे की या घराची टाकी शेवटची कधी उपसली, पुढची कधी उपसायची, आणि मैला उपसणारी गाडी तो नेऊन कुठे ओतते. शेतात ओतत असेल तर तसे लिहा. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. यंत्राला पैसे लागतात आणि ते आम्ही द्यायचे आहेत. आम्ही दिले नाहीत तर ते कोणाच्या तरी पोराच्या जिवातून वसूल होतात. हे बिलावर छापा असे मी म्हणणार नाही. पण वसुलीला येणाऱ्या माणसाला हे बोलता यावे.

कचऱ्याचे थोडक्यात. लातूरचा वरवंटीला जातो, नांदेडचा तुप्प्याला. शहरातल्या किती जणांनी या जागा पाहिल्या आहेत? वरवंटीच्या आणि तुप्प्याच्या माणसांना विचारा, वारा कुठल्या दिशेचा आहे ते त्यांना खिडकी न उघडता कळते. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वाटे घरातच करायला सांगितले आणि कचऱ्यासाठी घरटी शुल्क घ्यायची मुभा दिली. शुल्क लागू झाले. वाटे मात्र घरात केले तरी गाडीत पुन्हा एक होतात, असे लोक म्हणतात. ते खोटे असेल तर दाखवून द्या. महिन्यातून एक रविवार शाळकरी मुलांना डेपोवर न्या. बघून आलेले पोर घरी आईला ओल्यात प्लास्टिक टाकू देत नाही, हा माझा भाचरांवरचा अनुभव आहे.

तर मी मागते आहे ते एवढेच. पुढच्या वर्षीचे बिल काढताना नावेच्या समोर जमेचा रकाना काढा. त्यात लिहा: तुमच्या टाकीचे नाव, वर्षात पाणी सोडले ते दिवस, टाकीतून सुटलेले एकूण पाणी. पाणी कुठल्या धरणाचे. हजार लिटर घरापर्यंत पोचवायला किती खर्च आला आणि तुमच्याकडून किती घेतले, उरलेले कोणी भरले. राज्याचे कर वेगळ्या चौकटीत. पाणी तपासले त्या तारखा आणि निकाल. सांडपाणी किती शुद्ध झाले, किती तसेच सोडले. एका पानात बसते सगळे, मी कच्चे करून पाहिले आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यातले चौथे कलम तर अशी माहिती कोणी मागायच्या आत स्वतःहून द्या, असेच सांगते. आकडे लाजिरवाणे असतील, असू द्या. आणि ते बिलावरच हवेत, कारण बिल कधी चुकत नाही. २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांच्या सभागृहांच्या मुदती संपल्या, पुढे बराच काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. तेव्हा विचारायला नगरसेवकही नव्हता. त्या काळातही बिले मात्र येतच होती.

आणि माझ्या गल्लीकरांनो, हे पत्र खुले आहे म्हणून दोन शब्द तुम्हालाही. नळाला थेट मोटार लावू नका. ती पलीकडच्या घरचे पाणी ओढते. वसतिगृह चालवत असाल तर घरगुती नळ दाखवू नका. पट्टी भरा आणि पावती जपून ठेवा. ज्याने भरले आहे त्यालाच काउंटरवर आवाज चढवून विचारता येते. आपण न भरता विचारतो, म्हणून ते न सांगता मागतात.

महोदय, दोन्ही घरांची चालू वर्षाची पट्टी मी भरलेली आहे. थकबाकी निरंक. पावत्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत, आणि जमेच्या रकान्यासह बिलाचा एक कच्चा नमुनाही. त्यातले आकड्यांचे चौकोन मी रिकामे ठेवले आहेत. ते तेवढे भरून पाठवावेत.

आपली,
लातूरची लेक, नांदेडची सून,
एक नियमित करदाती